समुद्रावरचे ताट

इंदूरचा माणूस काशीहून परत आला तरी त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो जेवणाच्या व्यवस्थेचा. विश्वनाथाचे दर्शन कसे झाले, ही चौकशी दुसऱ्या चहानंतर होते. ज्या गावात रात्री सराफ्याची दुकाने मिटतात आणि खाण्याची उघडतात, त्या गावाला हे शोभूनच दिसते. या रिवाजास अनुसरून, गेल्या हिवाळ्यात मी, सौ. आणि माझी आई असे तिघे जण मुंबईहून गोव्याला आणि गोव्याहून परत मुंबईला जहाजाने जाऊन आलो, तेव्हा बडा गणपतीच्या चौकापासून मल्हारगंजापर्यंत भेटलेल्या प्रत्येकाने मला एकच विचारले, "सर, जहाजावर खायला काय मिळते? आणि पडते किती?" समुद्र कसा होता, हे कोणीही विचारले नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र माझी जीभ थोडी अडखळते. त्याचे कारण या लेखाच्या अखेरीस वाचकांच्या ध्यानात येईलच.

आईचे माहेर रत्नागिरीपलीकडचे. लग्न होऊन ती माळव्यात आली त्याला आता पंचावन्नाहून अधिक वर्षे लोटली. पूर्वी माहेरी जावयाचे तर इंदुराहून आगगाडीने मुंबई आणि मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून आगबोट, असा तिचा प्रवास असे. १९८१ सालच्या मे महिन्यात तिच्याबरोबर मीही त्या बोटीने गेलो होतो. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्या काळी 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या मोगल लाइन्सच्या बोटी त्या किनाऱ्याने धावत. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक बंद राही, म्हणून मे महिन्यात चाकरमान्यांची जी गर्दी उसळे ती काही विचारू नये. खालच्या डेकवर लोकांनी वळकट्या पसरून आपापल्या जागा धरलेल्या असत, आणि दोन वळकट्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवरून माणसे एकमेकांच्या डब्यांना ओलांडत जात.

त्या बोटीच्या तिकिटात अन्नाचा एक कणही धरलेला नव्हता. ज्याची त्याची शिदोरी ज्याच्या त्याच्यापाशी. आमच्यापाशी दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि इंदूरची शेव होती. शेजारच्या कुटुंबापाशी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. आम्ही शाकाहारी असल्याचे कळताच त्या बाईंनी आपला डबा पदराआड धरला आणि आमच्यासाठी फणसाचे साठ वेगळे काढून दिले. आईने त्यांच्या मुलांच्या हातावर शेव घातली. बोटीवर एक उपाहारगृह होते आणि त्याच्या भिंतीवर दर रंगविलेले होते. आईने ते दर वरपासून खालपर्यंत नीट वाचले, कनवटीचे पैसे मोजले आणि दोघांत मिळून एक कप चहा घेतला. तो चहा मला अजून आठवतो. संध्याकाळी पडावातून बंदरावर उतरताना आईच्या हिशेबात एका पैशाचीही चूक नव्हती.

ऐंशीचे दशक सरता सरता ती बोट बंद पडली. पुढे एस. टी. होती, १९९८ पासून कोकण रेल्वे सर्वार्थाने सुरू झाली, आणि समुद्राने माहेरी जाणे ही गोष्ट आईच्या बोलण्यापुरती उरली. २०१८ साली 'अंग्रिया' नावाचे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाल्याची बातमी मी तिला वाचून दाखविली होती. २०२१ च्या सप्टेंबरात 'कॉर्डेलिया'चे जहाज मुंबईहून निघू लागल्याचेही तिला ठाऊक होते. "आता माहेरी कोणी राहिले नाही," ती म्हणाली, "पण तो किनारा पाण्यावरून एकदा पाहावा, असे वाटते." माझी एक मुदत ठेव गेल्या वर्षी पूर्ण झाली, आणि मी तीन तिकिटे काढली. कोणत्या जहाजाची, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. जे घडले त्यात जहाजाचा दोष नव्हता. दोष माझा होता.

जहाजावरच्या अन्नाचा प्रश्न आजचा नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. आपल्याकडे समुद्रगमनाला जो विरोध झाला त्यात 'तेथे खाणार काय आणि कोणाच्या हातचे?' ही शंका मोठी होती. ४ सप्टेंबर १८८८ रोजी 'क्लाइड' नावाच्या बोटीतून विलायतेस निघालेल्या अठरा वर्षांच्या मोहनदास गांधींना काटेचमचे वापरता येत नव्हते, आणि कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारण्याचे धैर्यही होत नव्हते. म्हणून ते भोजनगृहात न जाता आपल्या खोलीतच, घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवर दिवस काढीत. जयपूरचे महाराज दुसरे माधोसिंह यांच्यापुढे ही अडचण नव्हती. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी जाताना त्यांनी 'ऑलिंपिया' नावाचे संपूर्ण जहाजच भाड्याने घेतले आणि पिण्यासाठी गंगाजल प्रचंड चांदीच्या घागरींतून भरून नेले. जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये त्या घागरी वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. एकूण काय, शिदोरी बरोबर नेण्याची इच्छा विद्यार्थ्याला होती तशी महाराजांनाही होती. फरक फक्त भांड्याचा.

पाश्चात्त्यांकडेही आरंभी फार सुख होते असे नाही. अटलांटिक ओलांडणारे गरीब प्रवासी पूर्वी आपले धान्य आपणच नेत आणि डेकवरच्या चुलीपाशी रांग लावून शिजवीत. १८४० साली क्युनार्ड कंपनीची 'ब्रिटानिया' अमेरिकेस निघाली तेव्हा ताज्या दुधासाठी तिच्यावर एक गाय बांधलेली होती. पुढे बोटी मोठ्या झाल्या, कंपन्यांत स्पर्धा वाढली, आणि तिकिटातच जेवण धरण्याची पद्धत रूढ झाली. ती रूढ होते न होते तोच तिकिटाबाहेरचे जेवणही आले. १९०५ सालच्या 'अमेरिका' नावाच्या जर्मन बोटीवर वरच्या वर्गासाठी एक स्वतंत्र उपाहारगृह उघडले गेले. तेथे हवा तो पदार्थ हव्या त्या वेळी मागवावा आणि त्याचे पैसे वेगळे मोजावेत, अशी रीत होती. १९१२ मध्ये बुडालेल्या 'टायटॅनिक'वरही असे एक उपाहारगृह होते, आणि जो प्रवासी सर्व जेवणे तेथेच घेईल त्याला तिकिटात काही सूट मिळे. म्हणजे 'यात काय धरले आहे आणि कशाचे वेगळे पडतील?' हा जो प्रश्न आज आमच्या मल्हारगंजात विचारला जातो, तो शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

आता आजची व्यवस्था. सध्याच्या प्रवासी जहाजांवर सामान्यतः दोन भोजनस्थाने तिकिटात समाविष्ट असतात. एक, जेथे आपण ताट घेऊन मांडलेल्या पदार्थांपुढून फिरतो ते. दुसरे, जेथे ठरलेल्या वेळी ठरलेल्या टेबलाशी बसून आपल्याला वाढले जाते ते. या दुसऱ्या ठिकाणी रात्रीच्या पंगती बहुधा दोन असतात, एक लवकरची आणि एक नवाच्या सुमाराची. सकाळी पोहे, इडली, पराठे यांपासून पाव-लोण्यापर्यंत सर्व काही. दुपारी आणि रात्री दोन-तीन भाज्या, डाळ, भात, रोटी, सामिष पदार्थ आणि गोड. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर जैन पद्धतीचे अन्नही मिळते. वाटेल तितके घ्यावे, कोणी मोजीत नाही.

पैसे वेगळे पडतात ते यापुढे. चिनी किंवा तत्सम विशेष उपाहारगृहे, मद्य, शीतपेये, यंत्रावरची कॉफी, बाटलीतले पाणी या सर्वांचे मोल निराळे, आणि ते जमिनीवरच्या मोठ्या हॉटेलासारखे. नगद रक्कम कोणी घेत नाही. खोलीची किल्ली म्हणून जे कार्ड मिळते तेच दाखवावयाचे, आणि सगळा हिशेब उतरण्याच्या दिवशी एकदम. याशिवाय सेवाशुल्क असते. ते काही जहाजांवर तिकिटातच घेतात, काहींवर अखेरच्या हिशेबात लावतात. परदेशी जहाजांवर हे सेवाशुल्क माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर असते, आणि मागविलेल्या पेयांवर सुमारे अठरा ते वीस टक्के आणखी चढतात. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत आणि आईवडिलांना बोटीची सफर घडवू इच्छितात, त्यांनी हे आकडे तिकिटाच्या किमतीत मनातल्या मनात मिळवूनच पुढचे बोलावे.

हे अन्न इतके महाग का, असे वाटणाऱ्यांनी जहाजाच्या स्वयंपाकघराचा विचार करावा. समुद्रावर आगीइतके भय दुसऱ्या कशाचे नाही. म्हणून तेथे उघडा जाळ नसतो. विजेच्या तव्यांवर आणि भट्ट्यांवर सर्व शिजते. त्यामुळे निखाऱ्यावर फुगवलेला फुलका तेथे मिळणार नाही, हे माळव्याच्या गृहिणीने समजून घ्यावे. पाणीही पुष्कळसे समुद्राच्याच खाऱ्या पाण्याचे गोडे केलेले असते. भाजी संपली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात कोणाला पिटाळता येत नाही, तेव्हा सर्व सामान बंदरावरच, थोडे अधिकच, भरून घ्यावे लागते. आणि उरलेल्या अन्नाचेही नियम आहेत. बारीक दळलेले असले तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत आणि तसेच असले तर बारा मैलांच्या आत ते समुद्रात सोडता येत नाही.

एवढे सर्व मी प्रवासाला निघण्यापूर्वी वाचून ठेवले होते. शाळेत वार्षिक तपासणीची तयारी करावी तशी तयारी केली होती. दोन गोष्टी मात्र माझ्याकडून घडल्या. एक प्रमाद होता, दुसरा अपराध.

प्रमाद असा, की तारखा ठरविताना मी केवळ दर पाहिले, पंचांग पाहिले नाही. तिकिटे काढून झाल्यावर सौ.ने भिंतीवरचे 'कालनिर्णय' उलटले आणि म्हणाली, "अहो, दुसरा दिवस पौषातल्या संकष्टीचा आहे!" पौष वद्य चतुर्थी म्हणजे इकडची तीळ चतुर्थी. त्या दिवशी खजराण्याला जत्रा भरते, घरोघरी तिळाचे लाडू होतात, आणि आई मात्र आमच्या बडा गणपतीलाच जाते. आजवर ही चतुर्थी तिने चुकविली नव्हती. मी तिकिटे रद्द करण्याची भाषा काढली. "पैसे बुडतील ना?" तिने विचारले. मी होय म्हणालो. "मग राहू दे. चंद्र समुद्रावरही उगवतोच."

अपराध याहून गंभीर होता. तिकिटाची किंमत कर धरून माणशी सुमारे २४,००० रुपये पडली होती. आईने किती पडले हे विचारले तेव्हा मी म्हणालो, "शिक्षकांना सवलत मिळाली, माणशी तीन हजार." पस्तीस वर्षांच्या नोकरीत खोटे बोलणाऱ्या मुलांना मी अनेकदा बाकावर उभे केले आहे. त्या क्षणी मला कोणी उभे केले नाही. आईला खरा आकडा सांगितला असता तर ती आलीच नसती, असे मी मनाशी म्हटले. वडीलधाऱ्यांशी खोटे बोलणारा प्रत्येक जण असेच काहीतरी म्हणत असतो.

मुंबईच्या बंदरावर तपासणीत आईची पिशवी उघडली गेली. तीत दशम्या, चटणी आणि तिळाचे लाडू निघाले. घरी शिजवलेले अन्न जहाजावर नेता येत नाही. लहान मुलांचे खाणे आणि औषधे यांना तेवढी मोकळीक असते. नियम रास्त आहे, कारण कोणाच्या डब्यातल्या कशाने कोण आजारी पडेल हे सांगता येत नाही, आणि हजारो माणसे एकाच छताखाली जेवत असतात. तो मी वाचलाही होता, पण आईला सांगण्याचे टाळले होते. डबा तेथल्या हमालांना दिला. "कोणाच्या तरी पोटात गेले," एवढेच ती म्हणाली आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली.

पहिल्या रात्री भोजनगृहात शिरलो तेव्हा तिचे डोळे विस्फारले. पन्नासेक पदार्थ मांडलेले. सौ.ने ताट भरले, मी भरले. आईने भात, डाळ आणि एक पापड एवढेच घेतले. मी आग्रह केला, तर म्हणाली, "बोट लागते आहे थोडी." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दूध तेवढे घेतले. कॉफीच्या दुकानावरून जाताना मात्र ती थांबली, दरांची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली आणि काही न बोलता पुढे गेली. तो दिवस उपवासाचा असल्यामुळे तिच्या न खाण्याचे मला विशेष वाटले नाही. साबुदाण्याची खिचडी त्या पन्नास पदार्थांत नव्हती. आधी कळविले असते तर कदाचित झाली असती. फळे, दही, उकडलेले बटाटे होते. तिने दोन केळी घेतली आणि एक परत ठेवू लागली. "अगं, घे ना, सगळे तिकिटातच आहे," मी म्हणालो. तिने माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले, की मला वाटले तिला ऐकू आले नसावे.

गोव्याला उतरून मंगेशीला जाऊन आलो. देवळाबाहेर तिने शहाळेवाल्याला भाव विचारला, घासाघीस केली, दहा रुपये कमी करून घेतले आणि दोन शहाळी एकामागून एक संपविली. इतक्या तृप्तीने तिने दोन दिवसांत काही घेतलेले मी पाहिले नव्हते. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

जहाज संध्याकाळी पुन्हा उत्तरेकडे निघाले. नऊ वाजून गेल्यावर आम्ही वरच्या डेकवर, पूर्वेच्या बाजूला कठड्याशी उभे राहिलो. एका अंगाला कसले तरी गाणे मोठ्याने चालले होते. दुसरीकडे काळोखात किनाऱ्याचे दिवे तुरळक दिसत होते. पश्चिम किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजावरून चंद्र समुद्रातून उगवताना दिसत नाही, तो जमिनीवरून उगवतो. कोकणच्या डोंगरांमागून तांबूस कोर वर आली तेव्हा आईने हात जोडले. तो तिच्या माहेरचा किनारा होता की नव्हता, हे मला सांगता आले नसते. तिनेही विचारले नाही. अर्घ्याचे पाणी कठड्यावरून सोडू नये, असे मी सांगितले, कारण जहाजावरून काहीही खाली टाकण्यास मनाई असते. तिने ते वाटीत सोडले आणि नंतर मधल्या दालनातल्या एका कुंडीत नेऊन ओतले. कुंडीतले झाड खरे होते, हे तिने आधी पान चुरून पाहिले.

उपवास सोडण्यासाठी वरण-भात हवा, तोही कांदालसणाविना. तेथल्या साऱ्या डाळी फोडणीच्या. सौ.ला युक्ती सुचली. ती सरळ जैन अन्नाच्या टेबलाशी गेली आणि बिनकांद्याची डाळ व भात घेऊन आली. वाढणारा मुलगा गढवालचा होता. आईने त्याला विचारले, "बेटा, तुम लोग कब खाते हो?" खाली त्यांचे भोजनगृह वेगळे असते आणि पाळी संपली की ते तेथे जेवतात, असे तो म्हणाला. "पैसे कटते हैं क्या?" तो हसला, "नहीं माताजी, खाना तो मिलता है." आईने डाळ-भात संपविला. श्रीखंडासारखे काहीतरी समोर होते, त्याकडे पाहिलेही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिशेबाचा कागद मिळाला. तो आईने माझ्या हातून घेतला आणि चष्मा लावून वाचला. दोन कॉफी, दोन लिंबू सोडे, पाण्याच्या तीन बाटल्या. एकूण १,१८० रुपये. तिने कागद उलटा करून पाहिला.

"आणि जेवणाचे?"

"जेवण तिकिटातच असते. सांगितले होते ना मी."

"तीन हजारात?"

मी गप्प राहिलो.

"तीन हजारात दोन रात्रींची खोली, गोव्याला नेणे-आणणे आणि वर इतके जेवण? मी काय एवढी अडाणी आहे? मला वाटले, ताट घेतले की त्या कार्डावर चढत असणार आणि तू मला बरे वाटावे म्हणून लपवितो आहेस. कॉफीची किंमत वाचली होती मी. म्हटले, कॉफीची ही गत, तर भाजी केवढ्याला पडेल!"

म्हणजे माझे खोटे तिने पूर्ण खरे मानले होते, आणि म्हणूनच माझे खरे तिला खोटे वाटले होते. बोट तिला लागली नव्हतीच. माझे पैसे वाचावेत म्हणून ती दोन दिवस पोटाला चिमटा घेत होती.

मी खरा आकडा सांगितला. ती काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग बोटांवर काहीतरी मोजले. "तिघांचे बहात्तर हजार," ती म्हणाली. "मला आधी सांगितले असतेस तर मी नाही म्हटले असते, हे खरे. भांडलेही असते. पण मग तू ऐकले नसतेस, आणि मी आलेच असते, आणि आले असते तर पोटभर जेवले असते." एवढे बोलून ती उठली. "ते भोजनगृह अजून उघडे आहे का?"

उघडे होते. त्या सकाळी माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने दोन डोसे, वाटीभर उपमा, पपई आणि शिरा एवढे घेतले, सावकाश जेवली, आणि ताटात शिताचा कण ठेवला नाही. माझा घास मात्र घशाखाली उतरत नव्हता.

वाचकहो, जहाजावरच्या जेवणाला किती पडते, या प्रश्नाचे माझे उत्तर आता ऐका. तिकीट काढण्यापूर्वी विचारा, की यात कोणती भोजनस्थाने धरली आहेत, सेवाशुल्क आत आहे की बाहेर, पाण्याचे काय. उपवास, पथ्य, जैन अन्न जे हवे असेल ते तिकीट काढतानाच कळवा. पंचांग पाहा. उरलेला हिशेब रोज रात्री एकदा मागून घ्या, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आणि ज्यांना बरोबर न्यावयाचे त्यांना हे सारे, आकड्यांसकट, घरीच सांगा. वडीलधारी माणसे किमतीला भीत नाहीत. जन्मभर त्यांनी किमती वाचूनच संसार केलेला असतो. त्यांना अवघड जाते ते किंमत न कळता जेवणे. १९८१ साली त्या बोटीवर आईने दर वाचून अर्धा कप चहा घेतला आणि ती सुखी होती. या वेळी पन्नास पदार्थांपुढे तिला उपाशी ठेवले ते माझ्या मायेने.

इंदुरास आल्यावर पुढच्या मंगळवारी आईला घेऊन बडा गणपतीला गेलो. ही पंचवीस फुटांची मूर्ती १९०१ साली उभी राहिली. तिच्या घडणीत विटा आणि चुना यांबरोबर गूळ आणि मेथी घातल्याचे सांगतात, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. आईने तिळाचे लाडू देवापुढे ठेवले, चतुर्थी चुकल्याबद्दल क्षमा मागितली. मग पुजाऱ्यांना जहाजाची सारी हकीकत सांगू लागली. मी जरा मागे सरलो. पुजाऱ्यांनी अपेक्षेप्रमाणे विचारले, "आजी, खाने-पीने का कैसा था?"

"खाना अच्छा था," आई म्हणाली, "आखिरी दिन."

मी वर मूर्तीकडे पाहिले. तिच्यात गुळाबरोबर मेथीही आहे. मी आईला नुसता गूळच दिला होता.